कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग, त्याचा सर्वात चांगला अल्बम कोणता, सर्वात फसलेला कोणता?

बर्डीचा_कॅसेटवाला:
शनिवारी धरमपेठेत आठ-दहा जणांची ऐकायची बैठक आहे, अडीच तासांची. निम्मे जण गिटार शिकणारे. 'हार्वेस्ट' (१९७२) सगळ्यांनी ऐकलाय. त्यापुढे काय लावावं? आणि ८०च्या दशकातलं काही लावायच्या लायकीचं आहे का?

सदर_साइड_बी:
'टुनाइट्स द नाइट' आणि 'ऑन द बीच'. पहिला १९७३ साली रेकॉर्ड झाला, पण बाहेर आला १९७५ला. 'ऑन द बीच' नंतरचा असून १९७४लाच आला. त्यामुळे ऐकताना क्रम उलटा ठेवा, आधी 'टुनाइट्स'.
यंगचा साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटन आणि रोडी (वाद्यं-सामान सांभाळणारा) ब्रूस बेरी, दोघेही ड्रग्जनी गेले. 'टुनाइट्स' त्या दुःखातून निघालाय, आणि सगळे एकाच खोलीत बसून वाजवतायत. 'मेलो माय माइंड'मध्ये वरच्या सुराला यंगचा आवाज सरळ फाटतो. तो टेक त्याने तसाच ठेवला. सफाईने गायला असता तर गाणं मेलं असतं. एक गाणं मात्र १९७०च्या फिलमोर ईस्टच्या मैफिलीतलं आहे आणि त्यात व्हिटन स्वतः गातो. गेलेल्या माणसाचा आवाज मध्येच असा येतो, ते ऐकाच.
'हार्वेस्ट' सर्वोत्तम आहे हे मला पटत नाही. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची दोन गाणी अल्बमचा वेग मारतात. 'अ मॅन नीड्स अ मेड' १९७१च्या मॅसी हॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या पियानोवर आहे, पुढे सलग 'हार्ट ऑफ गोल्ड'. तीच चाल तिथे उभी राहते.

रामदासपेठ_६_तारा:
काहून भाऊ, 'हार्वेस्ट'वर एवढा राग? शिकणाऱ्याला त्याच्यासारखा अल्बम नाही. 'हार्ट ऑफ गोल्ड'ला ई मायनर, सी, डी, जी एवढेच कॉर्ड आणि जी पट्टीची हार्मोनिका. सी पट्टीची घेतली तर एफ शार्प मिळत नाही आणि डी कॉर्डवर सूर भांडतात.
'सिनॅमन गर्ल' (१९६९) दाखवणार असाल तर सहावी आणि पहिली, दोन्ही तारा डी वर उतरवा: डी, ए, डी, जी, बी, डी. आधी डीच्या थोडं खाली जा आणि तिथून वर चढवा, नाहीतर नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकलेली तार दोन मिनिटांत घसरते. ०९ची (०.००९ इंच जाडीची) बारीक तार खाली ढिली पडून फ्रेटवर खडखडते, ११चा सेट लावा. आता दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट आणि मोकळी पहिली तार, दोन्ही एकच डी. दोन्ही एकत्र वाजवा. किंचितही फरक असला की सूर थरथरतो. त्यातला सोलो जवळजवळ एकाच सुरावर आहे, सगळी करामत उजव्या हाताची.

सदर_साइड_बी:
शिकायला उत्तम, हे मान्य. सर्वोत्तम नाही.

प्रतापनगर_व्होकोडर:
८०चं विचारलंत म्हणून. 'ट्रान्स' (१९८२)ला सगळे शिव्या देतात, ते चुकीचं आहे. ९ गाण्यांपैकी ६ व्होकोडरवर (आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण), ३ साधी. दोष गाण्यांत नाही, मांडणीत आहे: पहिलंच गाणं साधं प्रेमगीत, त्यामुळे दुसऱ्याला लोक बिचकतात. यंगचा मुलगा बोलू शकत नव्हता, आणि तो यंत्रातून येणारा अस्पष्ट आवाज त्या धडपडीशी जोडलेला आहे हे त्याने स्वतः सांगितलंय. हे माहीत असलं की 'ट्रान्सफॉर्मर मॅन' वेगळंच ऐकू येतं. तेवढं एक लावा.
खरा फसलेला 'लँडिंग ऑन वॉटर' (१९८६). ड्रम इतके पुढे आणि सिंथेसायझर इतका जाड की गिटार शोधावी लागते. 'एव्हरीबडीज रॉकिन' (१९८३) जेमतेम २५ मिनिटांचा, जुन्या रॉक-अँड-रोलचा. त्याच वर्षी गेफेन कंपनीने 'हे नील यंगचं संगीतच नाही' म्हणत त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. अल्बम कच्चा आहे, पण दावा त्याहून वाईट. कलाकाराने काय गावं हे कंपनीने ठरवू नये.

बर्डीचा_कॅसेटवाला:
मग 'टुनाइट्स' ४५ मिनिटं, 'ऑन द बीच' ३९, मध्ये चहा, मग 'ट्रान्सफॉर्मर मॅन', शेवटी गिटारी. एलपी आहेत. खोलीत कुलर चालेल.

सदर_साइड_बी:
कुलरचा झोत टर्नटेबलवर नको, ओलाव्याने कव्हरला बुरशी धरते. तारांनाही गंज चढतो, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. एलपी उभ्याच ठेवा, आडवी चळत नको. आणि मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर अजिबात नको, ४५ डिग्रीला तिथे भट्टी होते आणि तबकडी वाकते. वाकली की सुई दर फेरीला वर-खाली होते आणि सूर डोलतो. 'ऑन द बीच'ची दुसरी बाजू तीनच संथ गाण्यांची आहे, तिथे हे लगेच कळेल. ती बाजू दिवे मंद करून लावा, मध्ये कोणी बोलू नका.