चेनसॉसाठी हेल्मेट कोणतं घ्यावं? बजेट २,०००

कोलशेतचा_माळी: नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडच्या दोन-तीन सोसायट्यांत बागकाम घेतो. पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला पेट्रोलची १६ इंची चेनसॉ आहे. आतापर्यंत साइटवरच्या पिवळ्या हेल्मेटवर आणि चष्म्यावर भागवलं. परवा गुलमोहराची ढलपी गालावर बसली, डोळा थोडक्यात वाचला. जाळीचा व्हायजर आणि कानावर मफ असलेलं हेल्मेट हवंय. बजेट २,०००, ताणून २,२००. चष्मा आहे आणि घाम भयंकर येतो.

येऊरवासी: डोळे झाकून इम्पोर्टेड घ्या. मी साडेपाच हजारांचं घेतलं, चार वर्षं झाली, अजून नव्यासारखं आहे. स्वस्तातलं घेऊन पस्तावाल.

बुलेटवाला_कळवा: बाइकचं फुल फेस हेल्मेट आहे ना घरी? तेच वापरा. मी शेतावर तेच घालतो.

सेफ्टीवाले_काका: अहो, नका. बाइकच्या हेल्मेटचं भारतीय मानक (IS) ४१५१, इंडस्ट्रियलचं IS २९२५, दोन्हीच्या चाचण्या वेगळ्या. शिवाय मे महिन्यात त्यात उकडून निघाल. रबाळेत ३१ वर्षं प्लांटमध्ये काढली आहेत म्हणून सांगतो. रॅचेटचं बटण (मागे फिरवून पट्टा डोक्याला घट्ट-सैल करायचं) असलेलं घ्या, आतले पट्टे आणि कवच यांच्यात मोकळी जागा राहिली पाहिजे. त्या जागेत रुमाल, टोपी कोंबू नका, वरून आलेला मार पेलायला ती असते. आमच्या वेळी एकजण तिथे विड्यांचं बंडल ठेवायचा.

नेरूळ_ईस्ट: झाड कापायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली आहे का? १९७५चा कायदा आहे.

कोलशेतचा_माळी: परवानगी सोसायटी घेते. मी हेल्मेटचं विचारतोय.

नेरूळ_ईस्ट: सगळे असंच म्हणतात. आमच्या समोरचा रेन ट्री छाटणीच्या नावाखाली बोडका केला.

टर्नर_फिटर: जाळीचाच व्हायजर घ्या. पारदर्शक प्लास्टिकवर घामाची वाफ धरते, ओरखडे पडतात. पण जाळीतून बारीक भुसा आत येतो, म्हणून खाली गॉगल हवाच. आणि जाळी ढलपी अडवते, चेन नाही. बारच्या (ज्या पात्यावरून चेन फिरते त्याच्या) टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन उसळून तोंडाकडे येते. चेन ब्रेक चालतोय ना ते रोज बघा.

येऊरवासी: माझ्यात जाळी स्टीलची आहे.

बुलेटवाला_कळवा: कानाला कापूस पुरतो. उगाच खर्च.

सेफ्टीवाले_काका: कापसाने काही होत नाही! या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. मला आता उजव्या कानाने दारावरची बेल ऐकू येत नाही, तेव्हा आम्हीही कापूसच घालायचो.

वाशीची_ताई: यजमानांचं हेल्मेट मी पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, ऑइलचे डाग जाईनात म्हणून. नंतर कळलं, पेट्रोल-थिनरने प्लास्टिक कमजोर होतं. कोमट पाणी, साधा साबण, बास. घामपट्टी काढून धुवायची. आणि उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका.

टर्नर_फिटर: ताईंना +१. वर पेंट, स्टिकरही नको. आत गोल घड्याळासारखा छाप असतो, त्यात बनवल्याचं साल आणि महिना बघा. जोरदार मार बसला तर तडा दिसो न दिसो, बदला. तुमच्या पिवळ्यावर कोणतं साल आहे?

कोलशेतचा_माळी: आत्ता बॅटरी मारून बघितलं. २०१३. 😐

येऊरवासी: म्हणूनच म्हणतो, साडेपाच हजार म्हणजे काहीच नाही.

मुंब्रा_हार्डवेअर: मफवालं सेट घ्या, सुटं घेत बसू नका. सगळं एकत्र बसतं.

कोलशेतचा_माळी: आज नागदेवी स्ट्रीटला जाऊन आलो. मफवाला सेट घातला तर चष्म्याच्या काड्यांमुळे मफ कानाला टेकतच नव्हते, शेजारून गेलेल्या हातगाडीवाल्याच्या शिव्या स्पष्ट ऐकू आल्या. शेवटी IS मार्कचं रॅचेट हेल्मेट, त्यावर बसणारी जाळी आणि फोमच्या इअरप्लगची पाकिटं घेतली. चष्म्यावरून बसणारा गॉगलही घेतला. सगळं मिळून १,६८०. मफ नाही घेतले.

सेफ्टीवाले_काका: प्लग घालताना चिमटीत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, मग आत सरकवा. हात धुतलेले हवेत. पण मफच बरे होते.

मुंब्रा_हार्डवेअर: चूक केलीत.

बुलेटवाला_कळवा: तो जुना पिवळा टाकणार असाल तर मला द्या, शेतावर कामाला येईल.

टर्नर_फिटर: अहो २०१३चा आहे तो!

बुलेटवाला_कळवा: बुजगावण्याला हवाय.