चाळिशी उलटल्यावर दातांना तारा: गरज की हौस?

गुलबक्षी

गेल्या वर्षी, वयाच्या 48व्या वर्षी, मी दातांना तारा बसवून घेतल्या. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे रोज शंभर-दीडशे मुलांसमोर तोंड उघडावे लागते आणि त्यांच्यातल्या काही जणांच्या दातांवरही तारा असतातच, त्यामुळे मुलांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. शिक्षक कक्षात मात्र "मुलीच्या आधी तुमचंच ठरलंय की काय, मॅडम?" असा प्रश्न आला. विचारणाऱ्या गृहस्थांनी त्याआधी दोनच महिने गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. गुडघा दुरुस्त करणे शहाणपणाचे आणि दात दुरुस्त करणे नखऱ्याचे, हा भेद मला पटत नाही, आणि त्याच्याचविषयी येथे लिहीत आहे.

पंधरा वर्षांपूर्वी माझी खालची डावी दाढ किडली म्हणून काढली आणि 'मागची बाजू आहे, कोणाला दिसते' असे म्हणून ती जागा तशीच सोडली. तोंडातली मोकळी जागा मोकळी राहत नाही. मागची दाढ त्या खड्ड्यात हळूहळू कलली, वरची दाढ समोरचा टेका गेल्यामुळे खाली उतरली, आणि कललेल्या दाढेच्या पुढच्या अंगाला जी कपार तयार झाली, तिथे प्रत्येक जेवणानंतर भाजीची शीर नाहीतर भाकरीचा कण अडकू लागला. खालचे पटाशीचे दात लहानपणी जेमतेम ओळीत होते, ते चाळिशीनंतर एकमेकांवर चढले. त्यांच्या आतल्या बाजूचे कीटण दर सहा महिन्यांनी काढून घेऊनही हिरड्यांतून रक्त येणे थांबेना. गेलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचे तर जागा हवी आणि जागा हवी तर कललेली दाढ उभी करायला हवी, एवढा साधा हिशेब होता.

त्रास झाला नाही असे मी म्हणणार नाही. पारदर्शक दिसाव्यात म्हणून जादा पैसे मोजून घेतलेल्या रबराच्या कड्या पहिल्याच रात्रीच्या आमटीने हळदीच्या रंगाच्या झाल्या. पेरू आणि ऊस बंद झाले, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाता येईना, आणि गालाच्या आत टोचणाऱ्या तारेवर मेणाची गोळी दाबून मी पर्यवेक्षण केले आहे. तरीही माझे मत असे आहे की या निर्णयात वयाला काहीही महत्त्व नाही. हिरड्या आणि हाड धड असतील तर 50 काय आणि 60 काय.

सातमाळा

ताई, आपली कललेली दाढ मी बाजूला ठेवतो, कारण तो उपचार आहे हे मान्य. पण त्या एका दाढेच्या आडून आपण सगळ्याच मध्यमवयीनांच्या तारांना प्रमाणपत्र देत आहात, त्याला माझा विरोध आहे. माझे वय 57. समोरचे दोन दात जरा पुढे आहेत आणि खालचा एक आडवा आहे. याच दातांनी मी चार दशके ऊस सोलला, शेंगा फोडल्या आणि एकदा दोरीची गाठही सोडवली. गेल्या वर्षी एक भरलेला दात निखळला म्हणून मी दवाखान्यात गेलो, तर तिथे संगणकाच्या पडद्यावर माझेच दात सरळ करून दाखवण्यात आले आणि पावणेदोन लाखांचा आकडा सांगण्यात आला. मी काही विचारलेही नव्हते.

हा पैसा बहुतेक आरोग्यविम्यांतून मिळत नाही. पौगंडावस्थेतल्या मुलासाठी तो खर्च करताना पुढची 60 वर्षे डोळ्यांसमोर असतात, येथे तसे नसते. शिवाय तारा काढल्या की प्रकरण संपते असेही नाही, कारण दात पुन्हा जुन्या जागेकडे ओढ घेतात आणि म्हणून रोज रात्री रिटेनर घालावा लागतो. जे आयुष्यभर दाबून धरावे लागते ते दुरुस्त झाले असे मी म्हणणार नाही. माझ्या मेहुण्याने ऑनलाइन जाहिरात पाहून प्लास्टिकचे साचे मागवले. त्याचे पुढचे दात सरळ झाले खरे, पण आता मागच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत आणि पोळीचा घास त्याला पुढच्या दातांनी चावावा लागतो. दाखवायचे दात सुधारले आणि खायचे बिघडले, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी प्रथमच पाहिली.

वाकडी वेल

धागाकर्तीने दाढेचे कारण दिले आणि सातमाळांनी ते मान्य करून बाकीच्यांना नापास केले, यात मला एक गंमत दिसते. दोघांनाही कारण वैद्यकीय असले तरच चालते. माझे दात चावायला उत्तम होते. मला ते आवडत नव्हते, एवढेच. शाळेत असताना घरी तीन भावंडे आणि एक पगार होता, तेव्हा हा विषय काढण्याचीही सोय नव्हती. 44व्या वर्षी स्वतःच्या पगारातून तारा बसवल्या. लग्नाच्या अल्बममधल्या एकाही फोटोत माझे ओठ उघडे नाहीत. घराला रंग देताना भिंतीचे आरोग्य कोणी विचारत नाही, मग मीच तेवढी हिरड्यांचा दाखला का आणावा?

पाव मिलिमीटर

मी दात सरळ करण्याच्या शाखेचा, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचा, दंतवैद्य आहे आणि गेली 20 वर्षे व्यवसाय करतो. धागाकर्ती आणि सातमाळा, दोघांच्याही काही विधानांना माझी हरकत आहे.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचे, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. तारेने सौम्य दाब दिला की ज्या बाजूला ते अस्तर दाबले जाते तिथे पेशी हाड विरघळवतात आणि ज्या बाजूला ते ताणले जाते तिथे नवे हाड तयार होते. दात सरकतो तो असा, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. ही क्रिया जिवंत अस्तरावर अवलंबून असल्याने ती साठाव्या वर्षीही चालते, आणि याच कारणाने इम्प्लांट मात्र तसूभरही सरकत नाही, कारण त्याला अस्तरच नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी तारा, मग इम्प्लांट. धागाकर्तीच्या दंतवैद्याने तो पाळला. उलट क्रमाने आलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांना समजावणे अवघड जाते.

पण 'वयाला काहीही महत्त्व नाही' हे विधान मला मान्य नाही. मुलांमध्ये जबड्याची वाढ चालू असते, तिला वळण देता येते. टाळूच्या मधोमध असलेला सांधा तरुणपणी जुळून येतो आणि त्यानंतर नुसत्या स्क्रूच्या पट्टीने वरचा जबडा रुंद करणे सहसा जमत नाही. खालचा जबडाच मागे असेल तर मोठ्या माणसाला एकतर उपदाढा काढून दातांपुरती तडजोड करावी लागते, नाहीतर जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागते. दाटीत वर्षानुवर्षे चढलेले दात सरळ केले की हिरडी आधीच उतरलेली असल्याने त्यांच्यामध्ये काळे त्रिकोण दिसू लागतात, आणि काहींना ते आधीच्या वाकडेपणाहून अधिक खुपतात. मुळांची टोके थोडी झिजण्याचा धोकाही असतो, म्हणून मधूनमधून एक्स-रे काढावे लागतात.

मी पहिल्या भेटीत वय विचारतो ते औषधांची यादी मिळावी म्हणून. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो, आणि सुजलेल्या हिरडीवर तार चढवली तर हाड आणखी जाते. पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांना हाडांच्या ठिसूळपणासाठी अलेन्ड्रोनेटच्या गटातील औषधे दिलेली असतात. ती हाड विरघळण्याची क्रियाच मंदावतात, त्यामुळे दात नीट सरकत नाहीत आणि दात काढावा लागला तर जखम भरण्याचा प्रश्न उभा राहतो. 'हाडांची गोळी' दातांच्या डॉक्टरला सांगायची असते हे रुग्णांच्या ध्यानातच येत नाही.

सातमाळांच्या मेहुण्यांबाबत: दोष साच्यांचा नाही, तपासणाऱ्याच्या अभावाचा आहे. अमेरिकेत घरपोच साचे पाठवणारी स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर 2023मध्ये बंद पडली, तेव्हा अर्धवट उपचारातल्या ग्राहकांना आपापल्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले होते. मेहुण्यांनी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या कोणालाही दाखवावे. दाढा पुन्हा टेकवता येण्याची शक्यता चांगली आहे.

परळ नाका

खर्चाविषयी एवढेच सांगतो की मुंबईत शासकीय दंत महाविद्यालयात आणि नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात आणि ते खाजगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. पैसे वाचतात, पण अर्धा दिवस जातो. मी 51व्या वर्षी रांगेत बसलो होतो तेव्हा शेजारच्या बाईंनी "कोणाला घेऊन आलात?" असे विचारले होते.

सातमाळा

डॉक्टरसाहेबांचे आभार. मेहुण्याला निरोप दिला आहे. वाकडी वेल यांचा पैसा त्यांचा आहे, त्याबद्दल मी बोलणारा कोण. माझा राग त्या पडद्यावर आहे, ज्याने मला न विचारता माझे हसू बदलून दाखवले. पूर्वी मला माझे दात ठीक वाटत होते. आता दाढी करताना तो आडवा दात दिसतो आणि पावणेदोन लाख आठवतात, हे नुकसान कोण भरून देणार? आणि धागाकर्तीला एक थेट प्रश्न आहे: तारा काढल्यावर रिटेनर किती वर्षे?

गुलबक्षी

डॉक्टरांची दुरुस्ती मला मान्य आहे. माझी खालची दाटी सुटली, पण तिथे दोन काळे त्रिकोण उरले आहेत, आणि मूळ लेखात ते मी लिहिले नाहीत हे खरे. तिथे आता बारीक बाटलीब्रशसारखा दिसणारा ब्रश फिरवावा लागतो. रक्त मात्र गेल्या मार्चपासून थांबले आहे.

वाकडी वेल, आपले म्हणणे मला बोचले, कारण तारा बसवण्याचे ठरल्यावर मी आईला फक्त दाढेचे कारण सांगितले होते आणि पुढच्या दातांविषयी गप्प राहिले होते.

सातमाळा, रिटेनर आयुष्यभर. खालच्या पुढच्या दातांच्या आतून बारीक तार कायमची चिकटवणार आहेत आणि वरच्यासाठी रात्री घालायचा पारदर्शक साचा मिळणार आहे. चाळिशीचा चष्माही आयुष्यभराचाच निघाला आणि त्यालाही माझी तक्रार नाही. दाढ पूर्ण उभी राहायला अजून दोन महिने लागतील असे सांगितले आहे, इम्प्लांट त्यानंतर.