विषय: सही केलेला शर्ट, तिकिटं उद्यापासून?

सुमा (सचिव):
मंडळी, लिव्हरपूलच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबकडे अर्ज केला होता, तो शर्ट आला! निळा, पाठीवर सह्या, सोबत होलोग्रामवालं प्रमाणपत्र. सोडत शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमात. तिकिटं उद्यापासून व्हॉट्सॲपवर विकायला घेऊ, १ पौंडाला १, ५ पौंडांना ६. पैसे माझ्या नाही, मंडळाच्या खात्यावर टाका. छपाई कुणाकडे द्यायची ते आजच कळवा. फ्रेमचं बापूंकडे आहे असं धरून चालते.

बापू (खजिनदार):
सुमाताई, छपाई थांबवा. तिकिटं कार्यक्रमाआधी बाहेर विकली की ती स्मॉल सोसायटी लॉटरी (छोट्या संस्थेची, सगळ्यांना खुली सोडत) होते आणि कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी लागते. शुल्क सुरुवातीला ४० पौंड, पुढे दरवर्षी २०. शनिवारच्या आत ती होईल या भरवशावर राहू नका. झालीच, तरी प्रत्येक तिकिटाची किंमत सारखी हवी, म्हणजे ५ ला ६ बाद. तिकिटावर मंडळाचं नाव, किंमत, जबाबदार माणसाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख हवी. १६ वर्षांखालच्या मुलांना विकता येत नाही. निदान २० टक्के रक्कम कामाला गेली पाहिजे, आणि सोडतीनंतर ३ महिन्यांत कौन्सिलला हिशोब द्यायचा.

तेच हॉलमध्ये, कार्यक्रम चालू असताना विकली तर नोंदणी लागत नाही. अटी मोजक्या. खर्चापोटी जमलेल्या रकमेतून १०० पौंडांपेक्षा जास्त कापायचे नाहीत, बक्षिसांपोटी ५०० पेक्षा जास्त नाही (दान मिळालेला शर्ट यात येत नाही, फ्रेम मात्र मी त्यात धरणार), आणि कुणाचा खासगी फायदा नको. मुलंही तिकीट घेऊ शकतात.

विनू:
बापू, तुम्ही नेहमीप्रमाणे घाबरवताय. आपण मंडळ आहोत. सभासदांपुरती खासगी लॉटरी म्हणून चालते की. त्याला नोंदणी नाही.

बापू:
चालते, पण तिकीट सभासदांना किंवा संस्थेच्या जागेत आलेल्यांनाच विकायचं, आणि जाहिरातही संस्थेच्या जागेतच करायची. आपल्याला जागाच नाही, हॉल चर्चचा. ग्रुपवर निम्मे लोक वर्गणी न भरलेले आहेत, यादी माझ्याकडे आहे. शर्टाचा फोटो खुशाल टाका, खाली ‘तिकिटं शनिवारी हॉलमध्ये’ एवढंच लिहा. नावं आगाऊ नोंदवून घेऊ नका.

नाना:
शर्टाची एवढी चर्चा बघून गंमत वाटते. क्लबच्या दानधर्मात शर्ट म्हणजे चटणी-कोशिंबीर. खरं काम क्लबच्या वेगळ्या नोंदणीकृत चॅरिटीतून चालतं. आमची एव्हर्टन इन द कम्युनिटी १९८८ पासूनची. शाळांतलं काम, मानसिक आरोग्य, एकटी पडलेली म्हातारी माणसं, युद्धावरून परतलेले सैनिक, सगळं तिथे. २०१२ ला एव्हर्टन फ्री स्कूल काढली, नेहमीच्या शाळेत न टिकलेल्या पोरांसाठी. पुरुषांचा संघ २०२५ मध्ये गोदीवरच्या नव्या मैदानात गेला, तरी गुडिसन या जुन्या मैदानाच्या आसपासचं काम त्यांनी सोडलेलं नाही. प्रीमियर लीगकडूनही पैसा येतो, २०१० पासून त्यासाठी वेगळा धर्मादाय निधी आहे. तो खेळाडूंच्या पगारातून जातो असं आपल्यातले बरेच जण समजतात, ते चूक. आणि मंडळाने रोख मागितली तर मिळत नाही, उपक्रम घेऊन गेलात तर बोलणी होतात.

पुढच्या वेळी अर्ज करणाऱ्यांसाठी: चॅरिटी नोंदणी क्रमांक, मंडळाच्या लेटरहेडवर पत्र, कार्यक्रमाची तारीख, पैसा कशाला वापरणार ते एका वाक्यात. तीन महिने आधी पाठवा. पंधरा दिवस आधी पाठवलेले अर्ज मागे पडतात, कारण सह्या खेळाडूंच्या वेळापत्रकाप्रमाणे गठ्ठ्याने घेतल्या जातात. अमुकच खेळाडूची सही हवी असं लिहू नका.

विनू:
‘आमची’ म्हणे! नाना, आमच्या लिव्हरपूल क्लबच्या मैदानात, अॅनफिल्डला, मार्चमध्ये जुन्या खेळाडूंचा सामना होतो, त्याचा पैसा एलएफसी फाउंडेशनला, म्हणजे लिव्हरपूलच्या चॅरिटीला जातो, तेही लिहा की. आणि गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूडबँकांसाठी इथे जे गोळा होतं, त्याचं श्रेय कुठल्याच क्लबला नाही. फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स २०१५ मध्ये दोन्हीकडच्या चाहत्यांनी मिळून काढली, लिव्हरपूलचे लाल आणि एव्हर्टनचे निळे दोन्ही. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गोळा करतात.

सुमा:
बरं आठवलं. अर्जात आपण फूडबँकच लिहिलंय ना? मग सोडतीबरोबर धान्याचा खोकाही ठेवू. घरची चकली, लाडू, तूरडाळ सगळे आणतील. ढोलांच्या फंडाला थोडं वळवता येईल का, बापू?

बापू:
नाही. फूडबँक म्हणून मागितलं, फूडबँक म्हणून लोकांना सांगितलं, तर ती रक्कम त्याच कामाची. हिशोबात वेगळ्या ओळीत राहील. ढोलांची दुसरी सोडत करा.

गिफ्ट एड (देणगीवर सरकारकडून करापोटी मिळणारी जादा रक्कम) तिकिटांवर मिळत नाही, तो मोबदल्याचा व्यवहार झाला. म्हणून दाराशी देणग्यांची वेगळी बादली ठेवा, सीलबंद, वर क्रमांक टाकलेली. ३० पौंडांपर्यंतची रोख किंवा कॉन्टॅक्टलेस देणगी फॉर्म न भरता गिफ्ट एडसारख्याच छोट्या देणग्यांच्या योजनेत बसते, वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत, मात्र त्या वर्षीच्या आपल्या नेहमीच्या गिफ्ट एड देणग्यांच्या दसपटीच्या आतच. गिफ्ट एडचे फॉर्म कमी भरले तर ही मर्यादाही खाली येते. बादली उघडताना एका घरची दोन माणसं नकोत.

मावशी:
घरचे लाडू फूडबँक घेत नाही, सुमा. सीलबंद, तारीख असलेलं पाकीटच लागतं. घटक लिहिलेले नसले तर कुणी हात लावत नाही. इथल्या चौदा ॲलर्जींच्या यादीत बेसन नाही, पण तूप म्हणजे दूध, रवा म्हणजे गहू, शिवाय काजू आणि तीळ, हे सगळं आहे. आपला एक लाडू निम्मी यादी भरतो. तूरडाळही नको. बऱ्याच घरी विजेचं प्रीपेड मीटर, कुकर नाही, चाळीस मिनिटं डाळ शिजवत कोण बसेल? किल्लीशिवाय उघडणारे डबे आणा: राजमा, चणे, टोमॅटो, मासे. यूएचटी दूध, तयार भाताची पाकिटं, कॉफी, डायपर. पास्त्याचा ढीग असतो, पास्ता नको.

विनू:
मावशी, चणे आपलेच की!

नाना:
चण्यांचं असू द्या, तिकिटांचं बघा. छापू नका म्हणजे क्लोकरूमच्या पुस्तकातली (दोन्ही अर्ध्यांवर तोच क्रमांक असलेली तयार तिकिटं) घ्या. पण एकाच रंगाची दोन पुस्तकं घेतलीत तर तेच क्रमांक दोनदा निघतील आणि शर्ट एक, विजेते दोन. एक निळं, एक गुलाबी घ्या आणि पुकारताना रंग आधी, क्रमांक नंतर. अर्धं तिकीट सोडतीच्या वेगळ्या बादलीत, अर्धं माणसाकडे, दुमडून टाका. उरलेलं पुस्तक सोडतीआधी टेबलावरून उचला.

विनू:
गुलाबी का, लाल का नाही?

बापू:
दुकानात जे मिळेल ते.

फ्रेमबद्दल. खोल बॉक्सफ्रेम घेतोय, साध्या फ्रेममध्ये कापड काचेला टेकतं आणि मार्करची शाई काचेला चिकटते. शर्ट मागच्या ॲसिडविरहित पुठ्ठ्यावर टाक्यांनी अडकवायचा, गोंद नाही. यूव्ही रोखणारी ॲक्रिलिक काच, साधीत सह्या पुसट होतात. सुमाताई, तोवर इस्त्री करू नका, धुवू तर अजिबात नका, आणि घडी घालायची तर सह्यांमध्ये बटर पेपर ठेवा. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि होलोग्राम यांचा फोटो काढून मला पाठवा, मूळ प्रत शर्टाबरोबर विजेत्याला जाईल.

सुमा:
ठीक आहे, तिकिटं हॉलमध्येच. टेबल जेवणाच्या रांगेशेजारी लावू, सोडत नाटुकल्यानंतर. सुट्टे पैसे कोण आणतंय?

मावशी:
मी आणते. पण रांगेशेजारी नको, मठ्ठ्याची ताटं तिथूनच जातात. शर्टावर सांडला तर?