नवीन एम्ब्रॉयडरी मशीन: खालून दोऱ्याचा गोळा होतोय, आणि पैठणीच्या ब्लाऊजवर मोर काढायचाय

खणवेडी:
नमस्कार मंडळी, दिवाळीत घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं, छोटंच, १०० बाय १०० एमएमची फ्रेम येते ते. शिलाई येते मला, घरचे सगळे ब्लाऊज मीच शिवते, पण आरीवर्कचे दर ऐकून डोळे पांढरे झाले म्हणून म्हटलं आपणच करू. डेमोला आलेला मुलगा मशीनमधलीच दोन फुलं काढून दाखवून गेला, तेव्हा झक्कास आलं. मी करायला बसले की वरून बरं दिसतं आणि खाली हा एवढा गोळा, कधीकधी कापडच खालच्या प्लेटमध्ये ओढलं जातं. दोऱ्याचं टेन्शन (ताण) कमी केलं, वाढवलं, काही फरक नाही. दुसरं म्हणजे टेलिग्रामवरून नथ आणि मोराची डिझाईन घेतली ती पेनड्राईव्ह लावला तरी दिसतच नाहीत. आणि जावेच्या मुलीचं लग्न आलंय, पैठणीचा ब्लाऊजपीस तसाच पडलाय, बाहीवर मोर हवाच आहे. कुठून सुरू करू?

काजबटण:
गोळा खाली दिसतो पण गडबड बहुतेक वेळा वर असते. फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचललं की आतल्या टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतो. फूट खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो, त्याला पकडच नसते, मग खालचा हूक ओढेल तेवढा दोरा सुटत जातो आणि साचतो खाली. अशा वेळी टेन्शनचा आकडा कितीही फिरवा, उपयोग शून्य. तेव्हा दोरा पूर्ण काढा, फूट वर, सुई वर, पुन्हा ओवा, आणि वरखाली होणाऱ्या त्या दांड्याच्या भोकात दोरा खरंच अडकलाय ना ते डोळ्यांनी बघा.
मग जाड सुती कापडावर, खाली एम्ब्रॉयडरीचा पेपर (कापड ताठ ठेवणारा, स्टॅबिलायझर) लावून, एखादं जाडसर अक्षर काढा आणि उलटं करून पाहा. मधे साधारण एक तृतीयांश रुंदीचा पांढरा बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) दोरा आणि दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसला की टेन्शन बरोबर. नुसता रंगीतच दिसला तर वरचं ढिलं आहे. पांढरा वर डोकावला तर वरचं फार घट्ट.
बॉबिनमध्ये शिलाईचा जाड दोरा भरू नका, एम्ब्रॉयडरीचा बारीक बॉबिन दोरा वेगळा मिळतो. आणि बॉबिन मशीनसोबत आलेलीच, जुन्या काळ्या मशीनची लोखंडी नको.

पेनड्राईव्हवाला:
डिझाईन न दिसण्याची कारणं ठरलेली असतात. टेलिग्रामवर येतं ते झिप असतं, ते आधी कॉम्प्युटरवर उघडून आतली फाईल काढावी लागते. आत बऱ्याचदा इएमबी फाईल असते, ती सॉफ्टवेअरची कामाची फाईल, मशीनला ती वाचता येत नाही. ब्रदर असेल तर पीइएस, जानोमे असेल तर जेइएफ लागते, डीएसटी बऱ्याच मशीनवर चालते. फक्त डीएसटीत रंग नसतात, रंग कुठे बदलायचा एवढंच असतं, त्यामुळे स्क्रीनवर मोर जांभळा-नारिंगी दिसला तर घाबरू नका. आणि साईझ! १०० ची फ्रेम असेल आणि डिझाईन १०२ चं असेल तर बरीच मशीन ते उघडतच नाहीत. फार लहानमोठंही करू नका, सगळी मशीन टाके नव्याने मोजत नाहीत, लांबी-रुंदी निम्मी केली तर तेवढेच टाके पाव जागेत, म्हणजे पुठ्ठा. इंकस्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पीइएस, जेइएफ, डीएसटी एकमेकांत बदलायला तेवढं पुरतं, इएमबी मात्र त्यात उघडत नाही.

माहेरची_शिवणकला:
वरच्या दोघांना +१. आता बाहीचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.
बाही आधी कापायची नाही. अख्ख्या ब्लाऊजपीसवर खडूने बाहीचा आकार आखायचा, मधली रेघ मारायची, एम्ब्रॉयडरी करायची आणि मग कापायची. कापलेली बाही फ्रेममध्ये धड बसत नाही, आणि टाके पडले की कापड थोडं आत ओढलं जातंच, मग मापात कमी पडते. अस्तर सगळं झाल्यावर.
दुसरं, पैठणीचं रेशीम फ्रेममध्ये आवळू नका, वळ उठतात आणि जात नाहीत. फक्त जाड पेपर फ्रेममध्ये ताणून बसवा, त्यावर हलका स्प्रे गम मारून कापड वर चिकटवा, कडेने मोठे कच्चे टाके घाला. रेशीम फार पातळ असेल तर मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) प्रेस करून घ्या, इस्त्री मंद ठेवा. सुई ११ नंबरची, आणि नवीन. बोथट सुईने रेशमाचे धागे ओढले की ब्लाऊजपीस गेलाच समजा.
काठाजवळ जरीवर टाके घालायचं मात्र टाळा, काठ आहे तसाच छान दिसतो असं माझं मत.

चहाबिस्कीट:
एवढं वाचून मी हातानेच साखळी टाका घालायचं ठरवलंय. दिवे घ्या.

खणवेडी:
@काजबटण, फूट वर करून ओवलं आणि गोळा गायब!! डेमोवाल्याने हे सांगितलंच नव्हतं. फाईल इएमबीच निघाली. आता मशीनला चालणारी फाईल मिळाली की मोर आधी जुन्या साडीच्या तुकड्यावर काढते. पण मोराच्या पिसात जरीचा दोरा वापरायचाय, तो सारखा तुटतो, त्याचं काय?

माहेरची_शिवणकला:
जरीला १४ नंबरची, मोठ्या नेढ्याची सुई घाल, मशीनची स्पीड अगदी कमी कर आणि वरचं टेन्शन उतरव. रीळ मशीनपासून जरा लांब, कपात उभं ठेव म्हणजे दोरा सुईपर्यंत येताना त्याचे पीळ सुटतात. आणि पिसं भरगच्च भरलेली असतील तर ते डिझाईन जरीला नकोच, बाहेरची रेघ तेवढी जरीने काढ, आतलं साध्या दोऱ्याने.