ड्रिल बिटला धार लावायचं मशीन घ्यावं का?

अक्कलकोट रोडला राहतो, घरीच लोखंडाचं बारीकसारीक काम करतो. ६ आणि ८ एमएमचे बिट सारखे बोथट होतात, भोक पडायचं सोडून नुसता धूर निघतो. शार्पनर घ्यावा का ओ?

– बेंच ग्राइंडर (टेबलावर बसवलेलं फिरत्या दगडाचं मशीन) असेल तर नका घेऊ, त्यावरच हात बसवा. टोकाला ११८ डिग्रीचा कोन, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आणि धारेमागची बाजू थोडी उतरती पाहिजे, नाहीतर बिट नुसता घासत राहतो, कापतच नाही. मी जुन्या १२ एमएमवर शिकलो.

– बारीक बिट नवेच घ्या की. भिंतीच्या बिटला कार्बाइडचं टोक असतं, त्याला धार लावायला ग्राइंडरचा हिरवा दगड लागतो.

– आधी स्पीड कमी करा, तेल सोडा!