मशीन धुतं, पाणी काढतं, पण पिळतच नाही. गिअरबॉक्स खरंच गेला असेल का?

ओलेकपडे:
मंडळी, मदत हवीये. आमचं टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक, ६.५ किलोचं, सात वर्षं झाली, आजवर एकदाही कुरकूर नाही. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराचं काम काढलं म्हणून मशीन ड्राय बाल्कनीत हलवलं, केर काढायला बरं पडेल म्हणून खाली चाकांचा स्टँड पण घेतला, आणि तेव्हापासून हे नाटक सुरू. धुतं व्यवस्थित, पाणीही जातं, पण स्पिनची वेळ आली की दोन-चार गिरक्या घेतं, धाड धाड धाड आपटतं, थांबतं आणि परत पाणी भरायला लागतं. डिस्प्लेवर ९ मिनिटं राहिलेली असतात ती परत २५ होतात. असं दोन-तीनदा झालं की यूई दाखवून पीं पीं करत बसतं. काल चादरी काढल्या तर अक्षरशः निथळत होत्या. बाहेर पाऊस, घरभर दोऱ्या, लेकाचा युनिफॉर्म पंख्याखाली, वास तर विचारूच नका.

एक मेकॅनिक येऊन गेला. काही न उघडता दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला गिअरबॉक्स गेलाय, साडेचार हजार, नाहीतर एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. नवऱ्याला केव्हापासून फ्रंट लोड हवंच आहे त्यामुळे त्याचं मत विचारण्यात अर्थ नाही. काय करू? रिपेअर का नवीन?

घाटावरचा:
सात वर्षं झाली ना, मग वसूल झालं की. नवीन घ्या.

जुनाफिटर:
थांबा ताई, लगेच पैसे काढू नका. वीस वर्षं हेच काम केलंय. आधी एक करा, ड्रम पूर्ण रिकामा ठेवा, एक रुमालही नको, आणि नुसतं स्पिन लावा. झाकण बंद ठेवून काचेतून बघा. खालची चकती आणि ड्रम दोन्ही एकत्र गरगर फिरले आणि आवाज न करता फुल स्पीड घेतला, तर गिअरबॉक्सला काही धाड भरलेली नाही. नुसती चकतीच फिरतेय आणि ड्रम ढिम्म उभा, असं दिसलं तर क्लच (स्पिनला ड्रम चकतीशी जोडणारा भाग) किंवा गिअरबॉक्सचा संशय घ्यायचा.

दुसरं म्हणजे तुम्ही म्हणता पाणी जातंय. तुमच्यासारख्या बऱ्याच टॉप लोडमध्ये पाणी सोडणारी ड्रेन मोटरच क्लचचा दांडाही ओढते, म्हणजे तीच गेली असती तर पाणीही अडलं असतं. ते होत नाहीये.

यूई म्हणजे मशीनला तोल सापडत नाहीये. टब एका बाजूला झोकांडी खाऊन आपटला की स्विच दाबला जातो, मशीन थांबतं, कपडे सुटे व्हावेत म्हणून परत पाणी घेतं आणि पुन्हा ट्राय मारतं. तुमची ९ ची २५ मिनिटं होतात ती त्यानेच. आता सांगा, ड्राय बाल्कनीतल्या फरशीला मोरीकडे उतार आहे का?

ओलेकपडे:
अय्या हो! भरपूर उतार आहे, पाणी सांडलं की धावत जातं जाळीकडे.

जुनाफिटर:
सापडलं बहुतेक. त्यात चाकांचा स्टँड. मशीनचे चार पाय फरशीवर घट्ट हवेत, चाकांवर ते स्पिनला नाचणारच. काही मशीनला वरच्या बाजूला बुडबुड्याची लेव्हल असते, नसेल तर गवंड्याची स्पिरिट लेव्हल झाकणावर ठेवा, आधी आडवी मग उभी. पाय फिरवून खालीवर होतात, वरचा नट आवळून लॉक करायचं. मग दोन विरुद्ध कोपरे हाताने दाबून बघा, डुगडुगलं तर अजून जमलं नाही. खाली पुठ्ठा वगैरे घालू नका, ओला होऊन चेपतो.

सातवामजला:
आमच्याकडे सेम झालं होतं पण कारण भलतंच. सासूबाईंनी गादीचं वॉटरप्रूफ कव्हर टाकलं होतं, त्यात पाण्याचा फुगा झाला आणि मशीन स्पिनला एवढं उडालं की भिंतीपासून वीतभर पुढे आलं, नळाचा पाइप ताणला गेला. रेनकोट, प्लॅस्टिकची कव्हरं असलं काही स्पिनला घालायचंच नाही. एकटी जाड चादर किंवा दोनच जीन्स घातल्या तरी गोळा होऊन एकीकडे बसतात, सोबत दोन-तीन टॉवेल टाका म्हणजे तोल राहतो. आणि ते फिरत असताना हात घालून कपडे सारखे करणारे महाभाग आमच्या घरात आहेत, त्यांना आधी आवरा, ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय नाही!

हूंहूं:
धागा पळवतोय, सॉरी. माझं सेमी ऑटोमॅटिक आहे, धुतं छान पण ड्रायर नुसता हूंऽऽ करतो, फिरत नाही, फिरला तर म्हातारा चालल्यासारखा. झाकण उघडून हाताने टब फिरवला तर तोही जड लागतो. मोटर जळली का?

जुनाफिटर:
जड लागणारच दादा, झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो, त्यावरून काही ठरवू नका. हूं करतोय म्हणजे करंट पोचतोय. दोन गोष्टी असतात, कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा डबीसारखा पार्ट, कमजोर झालाय किंवा ब्रेक सुटत नाहीये. प्लग काढून मागचं पॅनल उघडा आणि झाकण बंद करून बघा तार ब्रेकला नीट ओढून धरते का. तार सैल पडली की ब्रेक घासत राहतो, टब जोर घेत नाही, कधी जळका वास येतो. कंडेन्सर मात्र इलेक्ट्रिशियनकडून बदला, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, मला एकदा बसलाय झटका. वॉशचा आणि ड्रायरचा कंडेन्सर वेगळ्या व्हॅल्यूचा असतो, त्यामुळे जुना दुकानात घेऊन जा आणि त्यावर छापलेले मायक्रोफॅरड बघूनच घ्या. आणि कपड्यांवरची ती जाळीदार चकती दाबून बसवता ना? ती नाही बसवली तर रुमाल-मोजे उडून टबाच्या खाली जाऊन अडकतात.

ओलेकपडे:
रिपोर्ट देते. रिकामं लावलं, गरगर फिरलं, ड्रम आणि चकती दोन्ही, काही आवाज नाही!! म्हणजे तो साडेचार हजारवाला काय बघून गेला देव जाणे. स्टँड काढला, समोरच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या गवंडीकाकांची लेव्हल मागून आणली, मोरीकडची बाजू खाली होती, तिकडचे दोन पाय फिरवून जवळजवळ दोन बोटं लांब करावे लागले. कपडे घालून लावलं तर एकदा नीट पिळलं, पण दुसऱ्या फेरीला टॉवेल असूनही परत थोडं धाडधाड केलं. यूई नाही आलं पण.

जुनाफिटर:
प्लग काढा, रिकामा ड्रम हाताने खाली दाबून पटकन सोडा. एकदा वर येऊन शांत बसला तर ठीक. तीन-चार वेळा हिंदकळला तर सस्पेन्शन रॉड थकलेत. टब त्या चार रॉडवर लटकलेला असतो. महिनाभर आपटलंय, वर वय सात वर्षं. बदलायचे तर चारही एकदम बदला, एकच नवा घातला की टब पुन्हा वाकडा.

ओलेकपडे:
हिंदकळतोय, झोपाळ्यासारखा! मोजले, चार वेळा.

नाशिककर:
फ्रंट लोडची स्वप्नं बघणाऱ्या साहेबांना सांगा, त्यालाही कपडे न पिळण्याचा रोग होतोच. खाली कोपऱ्यात छोटा दरवाजा असतो, त्यातला फिल्टर तुंबला की पाणी जात नाही आणि पाणी गेलं नाही तर स्पिन नाही. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा दोन रुपयाचं नाणं, तीन यू पिना आणि बाळाचा मोजा निघाला. उघडण्याआधी खाली परात ठेवा, मी नव्हती ठेवली.

हूंहूं:
तार सैलच होती. ताणून बसवली, ड्रायर सुटला एकदम. टबाखालून माझा मागच्या दिवाळीतला बनियन पण निघाला, बायको म्हणे हा हरवला म्हणून तू माझ्याशी भांडला होतास.

ओलेकपडे:
😂 आमचे चारही रॉड बदलले, दुसऱ्या मेकॅनिककडून, मजुरी धरून चौदाशे. आत्ता लेकाची जीन्स काढली, नुसती दमट आहे. जुनाफिटर काका, तुम्ही पुण्यात असता तर जेवायला बोलावलं असतं. स्टँड कोणाला हवाय का, कुंड्या ठेवायला?