एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद): बाईला विचारून की न विचारता?

गोदाकाठ: सुरगाणा-पेठहून मार खाल्लेली बाई नाशिकला दवाखान्यात येते आणि केसपेपरवर लिहिलं जातं, 'पाय घसरून पडली'. समाजसेवा अधीक्षकांचं, म्हणजे दवाखान्यातल्या समाजसेवकांचं, काम इथून सुरू होतं. पडल्यावर सहसा तळहात, गुडघे खरचटतात. मार अडवताना कोपराखालच्या बाहेरच्या कडेला लागतं. एक वळ काळानिळा, शेजारचा पिवळट, म्हणजे मार एका दिवसाचा नाही. असं दिसलं की विचारत बसू नये, थेट एमएलसी.

रात्रपाळी: मग चौकीतून नवऱ्याला फोन जातो, संध्याकाळी ती त्याच घरात, आणि पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही. भाजलेली, विष पोटात गेलेली, हाड मोडलेली असेल तर एमएलसी होणारच, त्यात वाद नाही. बाकीच्यांना आधी सांगा की एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे. तरी नको म्हणाली तर तो नकार लिहा, आणि केसपेपरवर तिचेच शब्द: 'नवऱ्याने काल रात्री लाकडाने मारले'. खाली जखमेची जागा, रंग, सेंटिमीटरमध्ये माप. 'मारहाण झाल्याचे सांगते' एवढ्यावर भागवलं तर कोणी मारलं तेच कागदावर येत नाही.

गोदाकाठ: सासू टेबलाला टेकून उभी असताना ती हे बोलणार?

रात्रपाळी: नाहीच बोलणार. वजनाला, एक्स-रेला एकटीला न्या. दुभाषा लागला तर घरचा नको, गावातल्या ओळखीचाही नको. बातमी तिच्याआधी घरी पोचते. महिला हेल्पलाइनचं कार्डही पर्समध्ये देऊ नका, सापडतं. १८१ हा आकडा तोंडपाठ होतो.

सिन्नर_फाटा: दोघंही पोलिसांपाशीच अडलात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याच्या नियमांत दवाखान्यालाही काम दिलंय. घरगुती घटना अहवाल, म्हणजे घरातल्या हिंसेची नोंद, आधी झाला नसेल तर तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) पाठवायचा, तपासणीची प्रत बाईला फुकट द्यायची. तिथून अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे जातो: त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. कित्येकींना तेवढंच हवं असतं, नवरा तुरुंगात नको असतो. पण हा नमुना भरायला निवांत तासभर लागतो आणि ओपीडीच्या गर्दीत तो कोरा राहतो.

गोदाकाठ: आणि गळा दाबला असेल तर? बाहेर वळही दिसत नाही.

रात्रपाळी: तो प्रश्न वेगळा, 'गळा दाबला का?' असा थेट विचारायचा. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, तर घरी सोडायचंच नाही. निरीक्षणाखाली भरती करा. श्वासनलिकेची सूज उशिरानेही वाढते. तिथे एमएलसीबद्दल तुमचं मान्य.